मेनू उडाला, पुस्तकं जागेवरच आहेत

प्रश्न : स. न. वि. वि. मी सातारा जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सभासद, वर्गणी, देवघेव असं आमचं सगळं मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या एकाच फाइलमध्ये आहे. आधीच्या ग्रंथपालांच्या भाच्याने ती २०१४ साली करून दिली. तो आता परदेशात असतो. फाइल उघडली की वर टॅब असलेला मेनू यायचा आणि त्यावरूनच सगळी कामं व्हायची. गेल्या शनिवारी डावीकडच्या यादीतले 'कॉपी ऑफ' नावाचे जुने फॉर्म पुसताना तो मेनूच पुसला गेला. फाइल बंद करून पुन्हा उघडली, तर फॉर्मचं नाव चुकलंय किंवा असा फॉर्मच नाही, अशी इंग्रजी सूचना येते. रिसायकल बिनमध्ये काही सापडलं नाही. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी उघडली, की एक चौकट येऊन कसली तरी व्हॅल्यू मागते. दुरुस्तीवाला म्हणतो, डेटा गेला, विंडोज नव्याने टाकू. ३१ मार्चला हिशेब तपासनिसांसाठी पेनड्राइव्हवर घेतलेली फाइलची प्रत आहे. तीच या फाइलच्या जागी टाकू का? रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे.
— एक ग्रंथपाल

उत्तर : ताई, मार्चची प्रत या फाइलच्या जागी अजिबात टाकू नका. मेनू येईल, पण एप्रिलपासूनची सगळी देवघेव जाईल. हे पुस्तकी ज्ञान नाही. २०१२ साली एका पतसंस्थेत मी नेमका हाच पराक्रम केला होता. मेनू झकास उघडला आणि दोन महिन्यांचा पिग्मीचा भरणा गायब झाला. एजंटांच्या पावत्या समोर ठेवून चार रात्री नोंदी पुन्हा भरल्या. व्यवस्थापक रोज चहा पाजत होते, बोलत मात्र नव्हते.

तुमचा डेटा गेलेला नाही. नोंदी असतात टेबलांमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत. मेनू हा नुसता फॉर्म, म्हणजे त्या नोंदींपर्यंत नेणारा पडदा. सूचीकार्डांचं कपाट कोणी उचलून नेलं तरी फडताळातली पुस्तकं हलत नाहीत, तसंच हे. फॉर्म त्या एका फाइलच्या पोटात राहतो, म्हणून रिसायकल बिनमध्ये तो दिसणारच नाही. विंडोजचा इथे काडीचाही संबंध नाही. दुरुस्तीवाल्याला नमस्कार करून वाटेला लावा.

पुसल्या पुसल्या कंट्रोल झेड दाबलं असतं, तर फॉर्म बहुधा परत आला असता. फाइल बंद झाली, ती वाट संपली. 'कॉम्पॅक्ट अ‍ॅण्ड रिपेअर' मात्र सध्या दाबू नका. 'रिपेअर' या शब्दाला भुलून पुष्कळजण आधी तिथेच जातात. ते बटण पुसलेलं परत आणत नाही, उलट पुसलेल्या गोष्टींची उरलीसुरली जागाही झाडून साफ करतं.

आता तुमची ती व्हॅल्यू मागणारी चौकट. ती खरं तर तुमच्या कामाची आहे. तिच्यात छापलेला मजकूर अक्षर न् अक्षर कागदावर उतरवा. बहुतेक 'फॉर्म्स', मग एक नाव, मग 'नेव्हिगेशनसबफॉर्म' असा लांबलचक पत्ता असेल. त्या भाच्याने मुदतीची तारीख मेनूच्या आत उघडणाऱ्या फॉर्मवरून उचलली असणार. मेनूच नाही म्हटल्यावर अ‍ॅक्सेस तारीख तुम्हालाच विचारतंय. पत्त्यातलं मधलं नाव म्हणजे तुमचा हरवलेला फॉर्म. फाइल उघडताना येणाऱ्या सूचनेतही तेच नाव असायला हवं, ताडून बघा.

मग कामाला लागा. सगळ्यांना फाइल बंद करायला सांगा आणि आजच्या फाइलची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा. पेनड्राइव्हवरची प्रतही आधी संगणकावर उतरवा, थेट पेनड्राइव्हवरून खेळ नको. आजची फाइल शिफ्ट दाबून धरून उघडा, म्हणजे सुरुवातीची सूचना आडवी येणार नाही. वर 'एक्स्टर्नल डेटा'मध्ये 'न्यू डेटा सोर्स', 'फ्रॉम डेटाबेस', 'अ‍ॅक्सेस' असं जा. (जुन्या आवृत्तीत अ‍ॅक्सेसचं चिन्ह तिथे थेट दिसतं.) मार्चची फाइल निवडा. लिंकचा नको, इम्पोर्टचा पर्याय घ्या. पुढच्या खिडकीत 'फॉर्म्स'वर जाऊन तो एकच फॉर्म निवडा. 'टेबल्स'ला हात लावू नका, नाहीतर जुनी टेबलं शेजारी येऊन बसतील आणि 'सभासद१' बघून पुन्हा छातीत धस्स होईल. मेनूच्या टॅबमागचे बाकीचे फॉर्म तुमच्याकडे आहेतच, नुसता मेनू आणला की त्याला ते सापडतात. 'कॉपी ऑफ'च्या झाडाझडतीत त्यातलाही एखादा गेला असेल, तर त्या टॅबवर कुरकुर होईल. तोही याच रस्त्याने आणा.

आलेल्या फॉर्मच्या नावामागे १ चिकटला असेल, तर त्याच नावाचा दुसरा फॉर्म फाइलमध्ये आधीपासून आहे, बहुधा घाईत कोणीतरी केलेला. तो काढा आणि आणलेल्याला मूळ नाव द्या. इथे एका अक्षराचाही फरक चालत नाही, कारण सगळे पत्ते त्या नावावर आहेत. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'करंट डेटाबेस'मध्ये 'डिस्प्ले फॉर्म'समोरही तेच नाव हवं.

मार्चच्या प्रतीतही मेनू नसेल, किंवा ती 'एसीसीडीई' प्रकारची असेल (तिच्यातून फॉर्म आणता येत नाहीत), तर नवा बांधा. 'क्रिएट'मध्ये 'नेव्हिगेशन'खाली ६ मांडण्या दिसतात. तुमची 'हॉरिझॉन्टल टॅब्ज'. डावीकडच्या यादीतून एकेक फॉर्म ओढून 'अ‍ॅड न्यू'वर सोडायचा. अर्ध्या तासाचं काम. सेव्ह करताना नाव जुनंच द्या.

सगळं जागेवर आलं, की त्याच 'करंट डेटाबेस'मध्ये 'डिस्प्ले नेव्हिगेशन पेन'ची खूण काढून टाका. पुढच्या वेळेपासून डावीकडची यादी दिसणार नाही. तुम्हाला लागली तर एफ ११ दाबा. हे बटण देवघेवीच्या टेबलावरच्या सगळ्यांना सांगायची गरज नाही. आणि 'कॉपी ऑफ'वाले काही फॉर्म अजून उरले असतील, तर राहू द्या. ते काही खायला मागत नाहीत.