एकल मातांचा साक्षरता वर्ग सुरू करताय, तर आधी वेळ बघा

ताई, खानदेशात वर्ग दिवाळीच्या आसपास सुरू करू नका. तेव्हा कापूस वेचणी जोरात असते, मजुरी किलोवर मिळते. एकटीच्या कमाईवर घर चालवणारी बाई तो दिवस सोडणार नाही. फेब्रुवारीपासून धरा, रात्री ८.३० ते ९.३०, आठवड्यात ४ दिवस. यावल-रावेरकडे केळीचं काम बारमाही, तिथे वेळ बायकांनाच ठरवू द्या.

बाराखडीपासून सुरुवात केली की गळती लागते. पहिलं तिचं स्वतःचं नाव, मग रोजच्या वेचणीचा हिशोब: किलो गुणिले दर. बोलणं अहिराणीतच ठेवा, लिहिणं मराठीत. बोली सुधारायला गेलात की बाई गप्प होते. लेकरं सोबत येणारच. शेजारी सतरंजी आणि सांभाळायला एखादी आजी हवी.

अर्ज भरणं हा सगळ्यात उपयोगी धडा. संजय गांधी निराधार आणि बालसंगोपन योजनेचे अर्ज वर्गातच वाचा. आधार, पासबुक आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला यांवरची नावं जुळतात का, हे तिलाच अक्षरांवर बोट ठेवून तपासू द्या. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, इथेच अर्ज अडकतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे तर मृत्यू दाखला नसतोच. संजय गांधी योजनेसाठी तिला कोणते पुरावे लागतील, ते अर्जाआधी तहसीलमध्ये विचारून घ्या.