नाशिकमध्ये घर बांधताय? आधी आकार ठरवा

एसी किती टनाचा, हे नंतर बघू. आधी नकाशा पूर्व-पश्चिम लांब करून घ्या. २५ × ४० फुटांच्या घरात ४० फुटी भिंती उत्तर-दक्षिणेला आल्या, की पश्चिमेला २५ फूटच भिंत तापते. तिथलं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही, म्हणून त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर टाका. रस्ता पश्चिमेला म्हणून तिकडेच मोठी काच लावणं, ही नेहमीची चूक.

दक्षिणेचं सोपं आहे. चार फुटी खिडकीच्या लगेच वर दीड फुटी छज्जा काढा: मार्चअखेर भर दुपारी पूर्ण सावली, डिसेंबरात मात्र ऊन आत.

सगळ्यात जास्त तापते ती गच्ची. हजार चौरस फूट एकाच मजल्यावर पसरण्याऐवजी पाचशेचे दोन मजले केले, तर छत निम्मं होतं. आणि एलिव्हेशनच्या, म्हणजे घराच्या दर्शनी रूपाच्या, हौसेने कोपरे वाढवू नका, उन्हात येणारी भिंत वाढते.