स्थलांतराचा संयुक्त राष्ट्रांचा करार बंधनकारक नव्हता, तरी त्यावरून बेल्जियमचं सरकार का पडलं?

करारात स्पष्ट लिहिलंय की तो कायद्याने बंधनकारक नाही आणि कुणाला देशात घ्यायचं हे प्रत्येक देशच ठरवणार. विरोधकांना हे माहीत होतंच. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: आज सही केली की उद्या न्यायालयं आपल्याच निकालांत करारातल्या २३ उद्दिष्टांचा आधार घेतील. शंका अगदीच पोकळ नव्हती, पण फुगवली मात्र भरपूर.

खरी गोम मतांच्या गणितात. २०१९ च्या मे महिन्यात निवडणूक होती आणि ऑक्टोबर २०१८ च्या स्थानिक निवडणुकांत कट्टर उजव्या व्लाम्स बेलांगने मुसंडी मारली होती. सत्तेतल्या न्यू फ्लेमिश अलायन्सला आपला मतदार तिकडे जाईल अशी धास्ती वाटली. संसदेचा कौल कराराच्या बाजूने होता, तरी हा पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि सरकार अल्पमतात आलं. पंतप्रधान शार्ल मिशेल मोरोक्कोतल्या माराकेशला, कराराच्या परिषदेला, जाऊन पाठिंबा देऊन आले आणि १८ डिसेंबर २०१८ ला त्यांनी राजीनामा दिला.

दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत करार १५२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. विरोधात अमेरिका, हंगेरी, पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि इस्रायल. बेल्जियमचं मत बाजूनेच पडलं.