ग्रहणात भाजी चिरली म्हणून?

"ताई, सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी भेंडी चिरली. त्यानंच झालं ना हे?"

तान्ह्या लेकीला घेऊन आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. बाळाचा उजवा डोळा व्यवस्थित, डावा जन्मतःच फार लहान. याला मायक्रोफ्थाल्मिया म्हणतात. दहा हजार जन्मांमागे एखाद-दुसऱ्या बाळात असं आढळतं, पण ग्रहणाचा बोल आईला घरोघरी लागतो.

सासूबाई शेजारीच होत्या. मी कॅलेंडर पुढ्यात ओढलं, शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि आठवडे मोजत गेले. गर्भ राहिल्यावर चौथ्या आठवड्यातच डोळा घडायला लागतो. सातव्या आठवड्यापर्यंत त्याच्या खालच्या बाजूची फट मिटते. ती उघडी राहिली तर डोळ्यात खाच राहते, तिला कोलोबोमा म्हणतात. म्हणजे मुख्य घडण तिसरा महिना लागतानाच झालेली. ग्रहणाच्या तारखेवर पेनाने खूण केली, तेव्हा मधले महिने सासूबाईंनी स्वतःच बोटांवर मोजले. "मग भेंडीचं काही नाही," त्या म्हणाल्या. आई तेव्हा कुठे रडली.

मग कारण काय? काही बाळांत सॉक्स-२ सारख्या जनुकात बदल असतो, कधी गरोदरपणी रुबेला झालेला असतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही.

मला खरी काळजी असते ती वेळेची. डोळ्याची खोबण आतल्या डोळ्याबरोबर वाढते. तो खुजा राहिला तर त्या बाजूचं हाड मागे पडतं. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच कन्फॉर्मर बसवतात. ही प्लास्टिकची छोटी वाटी असते. बाळ वाढेल तशी मोठी बसवत जातात आणि पुढे रंगवलेला कृत्रिम डोळा येतो. त्याने दिसत नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगते. पण उजवा डोळा निरोगी असेल तर मूल साध्या शाळेत शिकतं. तो डोळा मात्र जपायचा: नियमित तपासणी, आणि चालायला लागल्यावर न फुटणाऱ्या काचेचा चष्मा. शिवाय मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि कानांची तपासणी डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण काही बाळांत दोष डोळ्यापुरता नसतो.

"पुढच्या खेपेला?" वडिलांनी दारातून विचारलं. एकाच डोळ्याचा दोष असेल, घराण्यात कुणाला नसेल, तर शक्यता सहसा कमी, शून्य नाही. आईवडिलांचेही डोळे तपासावे लागतात, कारण लहानसा कोलोबोमा कुणाला जन्मभर कळतही नाही. दोघांचे डोळे निरोगी निघाले. जनुकीय तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे.