अमेरिकेत कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी वेगळे फंड कशाला? कल्पना चांगली असेल तर पैसा मिळतोच ना?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की भारतीय लोक तिथे कोणाच्या मदतीशिवाय कंपन्या काढतात, मग यांनाच आधार का लागतो? मी अटलांटात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. या शहरात हा विषय सतत कानावर येतो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टार्टअपचा पहिला पैसा बहुतेक वेळा घरातून येतो. नोकरी सोडायची, वर्षभर बिनपगारी राबायचं, दोन माणसं हाताशी ठेवायची. हा खर्च स्वतःची बचत, वडिलांचं घर, सासऱ्यांचा हातभार, मित्राची उसनवारी यांतून निघतो. व्हेंचर कॅपिटलवाले, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा घालणारे, नंतर येतात, चालू झालेलं काहीतरी बघून. आता फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, २०२२ची पाहणी बघा. गोरी आणि कृष्णवर्णीय कुटुंबं वेगवेगळी, मालमत्तेप्रमाणे (कर्ज वजा जाता) ओळीने मांडली तर बरोबर मध्ये येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाकडे सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होते आणि तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाकडे सुमारे ४५ हजार. दोघांची कल्पना सारखीच चांगली असली तरी एकाला दोनदा आपटून तिसऱ्यांदा उभं राहता येतं. दुसऱ्याचं पहिल्याच फटक्यात घर रिकामं होतं.

हे अंतर पडलं कसं? गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. त्याच वर्षी मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली आणि १८७४ मध्ये गैरकारभाराने बुडाली. साठ हजारांवर खातेदारांचे जवळपास तीस लाख डॉलर त्यात अडकले. १९२१ मध्ये टल्सा शहरातली ग्रीनवुड ही भरभराटीची कृष्णवर्णीय वस्ती, दुकानं, हॉटेलं, दवाखान्यांसकट, गोऱ्या जमावाने दोन दिवसांत जाळली. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळणं जवळपास बंद झालं. अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घरातून उभी राहिली, हे लक्षात घेतलं की या लाल रंगाचं वजन कळतं.

तुम्ही ‘कल्पना’ म्हणालात, म्हणून लिसा कुक यांचं संशोधन आवर्जून सांगतो. या अर्थशास्त्रज्ञ २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या गव्हर्नर मंडळावर गेल्या. १८७० ते १९४० या काळातली पेटंटं तपासून त्यांनी दाखवलं की लिंचिंग आणि दंगली वाढल्या की कृष्णवर्णीय संशोधकांची पेटंटं घटत. सरकार आपला जीवच वाचवणार नसेल, तर पेटंट वाचवील हा भरवसा कुठून येणार? आणि ज्यांनी शोध लावलेच, त्यांना गिऱ्हाईक मिळेना. क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गन यांनी धुरात वापरायचा संरक्षक टोप बनवला, १९१४ मध्ये पेटंट मिळवलं. तो दक्षिणेत विकताना त्यांना एका गोऱ्या माणसाला संशोधक म्हणून पुढे उभं करावं लागलं.

आता आपल्या लोकांबद्दल. आपल्यातले बरेच जण १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आले, पदवी खिशात घेऊन. त्याआधी भारतीयांना वर्षाला अगदी मोजक्या जागा होत्या. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणात मंजूर झाला. म्हणजे कृष्णवर्णीयांनी मार खाऊन जे दार उघडलं त्यातून आपण आत आलो. शिवाय आपल्यालाही मदत होतीच: मोटेल घेताना नातलगांनी शब्दावर दिलेली कर्जं, १९९२ पासून सिलिकॉन व्हॅलीत टायसारख्या, आपल्याकडच्या उद्योजकांनी काढलेल्या संस्थेतून मिळणाऱ्या ओळखी. ती घरचीच असल्यामुळे आपण तिला मदत म्हणत नाही इतकंच.

अटलांटातलंच उदाहरण देतो. कॅलेंडली ही बैठकांच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी नायजेरियात जन्मलेल्या टोपे अवोटोना यांनी २०१३ मध्ये सुरू केली. निवृत्तीच्या खात्यासकट सगळी बचत त्यात घातली, कारण सुरुवातीला बहुतेक गुंतवणूकदारांनी नकार दिला. २०२१ मध्ये तिचं मूल्य तीन अब्ज डॉलरवर गेलं. लोक ही गोष्ट ‘बघा, जमतं की’ म्हणून सांगतात. मला तीत दिसतं ते असं, की ज्यांच्याकडे घालायला तेवढी बचतच नव्हती त्यांच्या कंपन्यांची नावं आपल्याला कधी कळणारच नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एकूण व्हेंचर भांडवलातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा कृष्णवर्णीय संस्थापकांच्या कंपन्यांना मिळाला. लोकसंख्येत त्यांचा वाटा तेरा-चौदा टक्के आहे.

मग उपयोग कशाचा होतो? माझ्या मते दोनच गोष्टींचा: पहिला पैसा आणि पहिली मोठी ऑर्डर. शिबिरं, पुरस्कार, मार्गदर्शनाच्या गप्पा यांवर खूप खर्च होतो आणि फार थोडं हाती लागतं. १९७३ मध्ये निवडून आलेले अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी नव्या विमानतळाच्या कामात पंचवीस टक्के वाटा अल्पसंख्याक कंपन्यांना हवा असा आग्रह धरला. बड्या ठेकेदारांनी खूप आरडाओरडा केला, पण जॅक्सन हटले नाहीत. १९८० मध्ये टर्मिनल उघडलं आणि त्या कामातून शहरात कृष्णवर्णीय ठेकेदारांची एक पिढी उभी राहिली. आधीपासून धंद्यात असलेले बांधकाम व्यावसायिक हर्मन रसेल यांनाही त्या विमानतळाचं काम मिळालं. त्यांच्या कंपनीच्या जुन्या मुख्यालयात आज त्यांच्याच नावाचं, कृष्णवर्णीय उद्योजकांसाठीचं नवउद्योग केंद्र चालतं.

पहिल्या पैशाची वाट मात्र सध्या अरुंद होते आहे. अटलांटाचाच फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या व्यवसायांना वीस हजार डॉलरचं अनुदान देत होता. २०२३ मध्ये त्यावर खटला झाला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदान रोखलं आणि सप्टेंबरमध्ये तडजोडीत ते बंद झालं. खटल्यात आधार घेतला तो करारात वंशावरून भेद नको म्हणणाऱ्या १८६६च्या कायद्याचा, जो नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केला होता. मला हे अतिशय अन्यायकारक वाटतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली, आणि त्या चळवळीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजकतेकडे डोळसपणे पाहिलं आहे. आपल्याकडे २०१२च्या सरकारी खरेदी धोरणात चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करायची तरतूद आहे, तीही पहिल्या गिऱ्हाइकाचीच सोय.

तुम्ही स्वतः अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीत असाल आणि खरेदीत तुमचा शब्द चालत असेल, तर दरपत्रकं मागवताना यादीत कृष्णवर्णीय मालकांच्या कंपन्या घाला. काम पसंत पडलं तर ऑर्डर द्या आणि बिल तीस दिवसांत चुकवा. मोठ्या कंपन्या सर्रास नव्वद दिवस लावतात, आणि मधल्या तीन महिन्यांचे पगार कुठून द्यायचे या विवंचनेतच घरचा आधार नसलेला धंदा बसतो.