वाचकांचे प्रश्न: आजोबांचा वाडा, गॅलरी आणि रवि वर्म्याची लक्ष्मी

प्रश्न : ताई, मी फाइन आर्ट्समधून पेंटिंग केलंय पण चित्रकार म्हणून माझं काही खरं नाही हे मला कळलंय. दांडिया बाजारात आजोबांच्या वाड्याचा खालचा भाग रिकामा आहे, तिथे आर्ट गॅलरी काढावी असं डोक्यात आहे. भांडवल नाही, पण घरात रवि वर्म्याची जुनी लक्ष्मी आहे, बाबा म्हणतात ती विकू. पोट भरेल का यावर?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : अगं आधी लक्ष्मीचं सांगते. तुमची बहुतेक ओलिओग्राफ असणार, म्हणजे छापील. रवि वर्म्याने १८९४ साली मुंबईत प्रेस काढला आणि मग घरोघरी देवघरात लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. भिंग घेऊन जवळून बघ, ठिपके दिसतात का, खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का. अस्सल ऑइल निघालंच (निघणार नाही!) तरी ते देशाबाहेर विकता येत नाही, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली रवि वर्म्याची चित्रं राष्ट्रीय ठेवा धरतात. तर बाबांना सांग लक्ष्मी भिंतीवरच राहू दे.

आता पोटाचं. जागा आपली आहे ही अर्धी लढाई, भाडं भरणाऱ्या गॅलऱ्या दोन वर्षांत दम टाकतात हे मी बघितलंय. साधारण पद्धत अशी की चित्र कन्साइनमेंटवर घेतो, म्हणजे विकत न घेता फक्त विकायला ठेवतो, विकलं की चित्रकाराचा नि आपला वाटा, बरेचदा निम्मा-निम्मा. चाळीस हजाराचं चित्र गेलं तर वीस तुझे, पण त्यातून ओपनिंगचा चहा, लाइट, कॅटलॉग, टेम्पो, आणि गिऱ्हाईक डिस्काउंट मागतंच, तो कोणी सोसायचा हे आधीच कागदावर लिहून घे, नंतर भांडणं होतात. आणि पैसे आले की पहिले चित्रकाराला दे, लाइटबिल नंतर. एकाला उशिरा दिलेस की सगळ्या बडोद्याला कळतं, फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या कँटीनमध्ये बातमी संध्याकाळच्या आत फिरते.

पण सुरुवातीला फक्त चित्रं विकून भागत नाही, म्हणून माझं म्हणणं, फ्रेमिंग शीक. हसू नकोस! मुंबईचे केकू गांधी आधी फ्रेमवाले होते, १९४१ पासून केमोल्ड या त्यांच्या कंपनीच्या फ्रेमा, दुकानातच नव्या पोरांची चित्रं लावायचे, हुसेन वगैरे त्यातलेच, आणि स्वतंत्र गॅलरी झाली १९६३ मध्ये. म्हणजे बावीस वर्षं लाकूड कापण्याच्या धंद्यावर. फ्रेमला रोज गिऱ्हाईक असतं, चित्राला महिन्यातून एखादं.

मी स्वतः फ्रेमिंगला कमी लेखलं आणि पहिल्याच पावसाळ्यात आपटले. एका मुलाचं एचिंग (धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र) घाईत काचेला चिकटवून फ्रेम केलं, मध्ये माउंट, म्हणजे कागद काचेपासून सुटा ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, टाकला नाही, मागे साधा पुठ्ठा. ऑगस्टमध्ये पाहते तर पांढऱ्या कागदावर तपकिरी बारीक ठिपके, कोपरा काचेला चिकटलेला, आणि सोडवायला गेले तर शाईसकट सोलला. त्याची एडिशन पाचचीच होती, म्हणजे एकूण प्रतीच पाच. त्याला पूर्ण किंमत दिली आणि सहा महिने मान खाली घालून फिरले. वाड्याच्या भिंतींना ओल असते ना, चित्र भिंतीपासून बोटभर सुटं ठेव, खाली बुचाचे तुकडे लाव.

बडोद्याचा फायदा मुंबईवाल्यांना नाही बघ. फॅकल्टी १९५० ची, इंदूरचे आपले चित्रकार बेंद्रे इथेच पेंटिंग शिकवायला आले, भूपेन खख्खर तर दिवसा हिशेब तपासायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं. विद्यार्थ्यांच्या वर्षाअखेरीच्या डिस्प्लेला बाहेरचे गॅलरीवाले गाडी करून येतात, तू चालत जाशील. तुझ्याच बॅचमधले चौघं-पाच जण निवड, ज्यांचं काम तुला मनापासून आवडतं, आवडत नसलेलं चित्र गिऱ्हाइकासमोर विकता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

आणि अकाउंट्स. खख्खर जे दिवसा करायचा ते तुला रोज रात्री करायचंय, कुठलं चित्र कोणाचं, कुठे आहे, कधी परत द्यायचं, एका वहीत. सध्या सोड नोकरीचा विचार, पण एक वर्ष कुठल्यातरी फ्रेमवाल्याकडे जाऊन बस, पगार न मिळाला तरी चालेल.