नरक्या या झाडावर संशोधन करणार म्हणतोस, तर आधी हे ऐक

भावा, राधानगरी-आंबा घाटाच्या जंगलात जायच्या आधी वनखात्याची परवानगी काढ. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या औषधांना लागणारं द्रव्य असल्यानं त्याची बेसुमार तोड झालीय. तुला मूठभर पानं पुरतात, साल सोलू नकोस. फुलाफळासकट एक फांदी दाबून वाळव आणि विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहालयात नमुना क्रमांक घे. नुसत्या गावठी नावावर पेपर उभा राहत नाही.

पानातली बुरशी वेगळी करणार असशील तर खरी मेख पानाचा वरचा भाग निर्जंतुक करण्यात. ७० टक्के इथेनॉल, मग सोडियम हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुणं. शेवटच्या धुण्याचं पाणी बुरशी वाढवायच्या वेगळ्या प्लेटवर पसरवायचंच. तिथं काही उगवलं, तर तुझी बुरशी पानाच्या आतली नव्हे, वरची. मी हे टाळलं होतं. चार महिने जिला जपलं ती साधी हवेतली काळी अस्परजिलस निघाली! (आमचे सर हसले पण नाहीत, तेच जास्त लागलं.)

पानांचा अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवलास तर चाचणीच्या प्लेटमध्ये नुसत्या डीएमएसओचाही एक खळगा ठेव, म्हणजे परिणाम अर्काचा की द्रावकाचा ते कळेल. आणि जुलैत कोल्हापुरात पानं सावलीत वाळत नाहीत, बुरसतात. ४० अंशांचं ओव्हन आधीच सांगून ठेव.